कोरडा असून ओला दिसणारा दगड : घरगुती टंबलरचा सहा महिन्यांचा अनुभव

नदीतला गोटा घरी येईपर्यंत उतरतो. पाण्यात असताना कुंकवासारखा लाल, आणि घरी येऊन पिशवी पालथी केली की विटेच्या तुकड्यासारखा. आमच्या हिला गोटे गोळा करायचा नाद लहानपणापासूनचा. तिचं माहेर लिंब, कृष्णेच्या काठचं, बारा मोटांच्या विहिरीचं. लग्न होऊन साताऱ्यात गोडोलीला आली तेव्हा ट्रंकेत साड्यांच्या खाली दोन मुठी खडे होते. तेव्हापासून आमच्याकडे काचेची एक बरणी आहे. बरणीत पाणी, पाण्यात गोटे. उन्हाळ्यात पंधरा दिवसांत पाणी हिरवं होतं, मग ही सगळे गोटे परातीत ओतते, काथ्यानं घासते, पुन्हा पाणी भरते. वर्षानुवर्षं हे चाललंय.

गेल्या दिवाळीत बरणी घासता घासता ती म्हणाली, "अहो, एकतीस वर्षं लोखंड आरशासारखं घासलंत. हे दगड पाण्याबाहेर असेच दिसतील, एवढं होणार नाही का तुमच्याच्यानं?"

मी इथल्या जुन्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सरफेस ग्राइंडर आणि लॅपिंगवर, म्हणजे लोखंड पुडीनं घासून सपाट करायच्या कामावर होतो. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. तिच्या त्या एका वाक्यावर मी बाजारात मिळणारं दगड घासायचं छोटं यंत्र घेतलं, ज्याला टंबलर म्हणतात. त्याचा हा सहा महिन्यांचा हिशेब. यंत्राच्या कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या आकाराची जी यंत्रं ऑनलाइन दिसतात ती बहुतेक एकाच घडणीची आहेत आणि मी सांगतोय ते थोड्याफार फरकानं सगळ्यांना लागू पडेल.

यंत्र घ्यायच्या आधी मी सोपे उपाय करून पाहिले, ते आधी सांगतो. त्यातला एक उपाय मी आजही वापरतो.

ओला दगड का चमकतो, हे भाच्यानं मला नीट समजावलं. तो कॉलेजात फिजिक्स शिकवतो. खडबडीत पृष्ठभागावर उजेड पडला की तो चारी दिशांना विखुरतो, आणि त्या पांढुरक्या झाकेखाली दगडाचा रंग दबतो. पाणी लागलं की ओरखडे, खळगे भरतात आणि वरचा पृष्ठभाग सपाट होतो. शिवाय हवेचा अपवर्तनांक, म्हणजे उजेड किती वाकतो त्याचा आकडा, १, पाण्याचा १.३३ आणि गारेचा (क्वार्ट्झचा) साधारण १.५४. मध्ये पाणी आलं की ही पायरी लहान होते, जास्त उजेड दगडात शिरतो आणि रंग घेऊन बाहेर येतो. हे ऐकल्यावर माझ्यासारख्याला पुढचं सांगावं लागत नाही. खळगे एक तर कशानं तरी भरायचे, नाही तर घासून नाहीसे करायचे. तिसरा रस्ता नाही.

भरायचा रस्ता स्वस्त, म्हणून तो आधी. एकाच जातीचे, एकाच दिवशी माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर वेचलेले सहा लाल गोटे घेतले आणि दक्षिणेच्या खिडकीत ओळीनं मांडले. एक तसाच कोरडा ठेवला, तुलनेला. खोबरेल तेल लावलेला पहिला दिवस फार सुंदर दिसला. आठवड्यात त्यावर धूळ बसली, महिन्यानं खवट वास यायला लागला. मेडिकलमधून लिक्विड पॅराफिन आणलं. ते खवट होत नाही, पण पंधरा दिवसांनी पुन्हा लावावं लागतं आणि दगड हातात घेतला की बोटं तेलकट होतात. सुनेचं पारदर्शक नेलपॉलिश चौथ्यावर. दोन महिने टिकलं, मग कडेनं पापुद्रे सुटले. पाचव्याला लाकडाचं क्लिअर व्हार्निश दिलं. चमक होती, पण दगड पाकात बुडवून काढल्यासारखा दिसत होता. खळग्यात व्हार्निश साचून थेंब झाले, आणि चार महिन्यांच्या उन्हात ते पिवळं पडलं. सहाव्याला मार्बलच्या दुकानातून आणलेलं वेट लुक सीलर लावलं. ते शहाबादी, कोटा अशा फरशीसाठी असतं, दगडाच्या छिद्रांत मुरून काम करतं. हा लाल दगड इतका घट्ट की सीलर मुरायला जागाच नव्हती, वरच्या वर वाळून डाग राहिले.

पण तेच सीलर मी आपल्या साध्या काळ्या दगडाच्या गोट्याला लावलं तेव्हा तो नुकताच पाण्यातून काढल्यासारखा झाला, आणि आज सहा महिन्यांनीही तसाच आहे. मेणाचं पॉलिशही काळ्या दगडावर चांगलं बसतं. दगड उन्हात तापवायचा, मेण चोळायचं, गार झाल्यावर सुती फडक्यानं घासायचं. तेव्हा ज्यांच्याकडे फक्त काळे गोटे आहेत त्यांनी यंत्रावर पैसे घालू नयेत. आपला सह्याद्रीचा काळा दगड तीन-चार खनिजांचा मिळून बनलेला असतो, कुठे कठीण कुठे मऊ, आणि मध्ये बारीक छिद्रं. घासला की गुळगुळीत होतो, चमकत नाही. घरातला पाटा आठवा. वर्षानुवर्षं वरवंटा फिरून तो हाताला मऊ लागतो, इतका की वाटण सरकायला लागतं आणि टाकी लावून घ्यावी लागते. पण पाट्यात कुणी तोंड पाहिलंय का?

चमक घेणारे दगड वेगळे. आपल्या भागात लाव्हा थरावर थर साचला त्याला सुमारे साडेसहा कोटी वर्षं झाली. त्या लाव्हात वायूचे बुडबुडे होते, त्यांच्या पोकळ्या राहिल्या, आणि पुढे त्यांतून झिरपलेल्या पाण्यानं त्या हळूहळू गारेच्या जातीच्या खनिजांनी भरल्या. गारगोटी, अकीक, कॅल्सिडोनी ही तिथली. लाल, हिरवा, पिवळट जास्परही याच कुळातला. काळा दगड झिजून जातो, ही भरण मात्र टिकते आणि ओढ्यानदीतून वाहत येते. माझ्या मोजणीत वेण्णेच्या गोट्यांत शंभरात पाच-सहा असे निघाले. ओळखायचं सोपं आहे. जुन्या काचेच्या तुकड्यावर ओढायचा. काचेवर चरा पडला तर कामाचा. पोलादी सुरीनं ओरखडा पडला तर नाही. पांढरा दगड असेल आणि लिंबाच्या रसानं फसफसला, तर ते कॅल्साइट, बाजूला ठेवायचं. विहीर खोदताना निघणारे पांढरे, गुलाबी, पानापानांचे स्फटिक, स्टिलबाइट वगैरे, ते तर चुकूनही यंत्रात टाकू नका. ते मऊ असतात, थरावर फुटतात, आणि आहेत तसेच सर्वांत देखणे दिसतात. आणि कासच्या पठारावरून काहीही उचलू नका. ती जागा जागतिक वारशात आहे, तिथला खडाही तिथेच राहू दे.

हातानं घासूनही पाहिलं. एक अकीक घेतला, सपाट बाजूचा. वॉटर पेपर २२०, ४००, ६००, १०००, २००० असे क्रमानं, पाणी सोडत, आणि शेवटी काचवाल्याकडून आणलेली सेरियम ऑक्साइडची पूड जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर ओली करून. तीन संध्याकाळ गेल्या. चमक आली, आणि जी आली ती अस्सल होती. पण एकाच दगडाची एकच बाजू, आणि माझा अंगठा चार दिवस सुजलेला. ही बरणीत तीनशेच्या वर गोटे ठेवते. म्हणून यंत्र.

ही गोष्ट नवी नाही. गुजरातेत खंबातला अकीकाचं काम शेकडो वर्षांपासून चालतं. तिथे पूर्वी घडवलेले मणी घासायच्या पुडीसकट चामड्याच्या पिशवीत भरत आणि दोन माणसं समोरासमोर बसून ती पिशवी दिवसचे दिवस इकडून तिकडे लोटत. आता ते काम ड्रम करतात. माझं यंत्र म्हणजे त्या पिशवीचं छोटं भावंड: रबराचा डबा, खाली दोन फिरते दांडे, बाजूला पट्ट्यावर चालणारी मोटर. डबा आडवा ठेवायचा, तो आपल्या वजनानं दांड्यांवर लोळत राहतो. दगड वर चढतात आणि घसरून खाली येतात, त्या घसरण्यात घासले जातात. मी डब्यावर खडूची रेघ मारून मोजलं, मिनिटाला ५४ फेरे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ८,७०० रुपयांना यंत्र आलं. डब्याची ताकद तीन पाउंड म्हणजे १ किलो ३६० ग्रॅम, दगड-पाणी-पूड सगळं धरून. त्याबरोबर पुडीची चार पाकिटं, एक ते चार आकडे घातलेली. मोटर २५ वॅटची. पिन आपल्या सॉकेटला बसणारी नव्हती, ती कापून तीन पिनी लावली. मोटरला अर्थिंग नीट मिळतंय ना हे आधी बघा. या यंत्राशेजारी कायम पाणी असतं.

पुडीबद्दल दोन शब्द, कारण सूचनापत्रात यातलं काही नीट सांगितलेलं नाही. पहिली तीन पाकिटं सिलिकॉन कार्बाइडची, आपल्याकडे ज्याला कार्बोरंडम म्हणतात ते. हिरवं ग्राइंडिंग व्हील याचंच असतं. गारेपेक्षा पुष्कळ कठीण. नंबर चाळणीवरून पडतो: ६० नंबर म्हणजे इंचाला साठ भोकांच्या चाळणीतला दाणा, म्हणून नंबर वाढेल तशी पूड बारीक. पहिल्या पाकिटात ६० ते ९०, दुसऱ्यात १२० ते २२०, तिसऱ्यात ५००. चौथं पाकीट पांढरं, ॲल्युमिनियम ऑक्साइडचं, ते पॉलिश. सूचनापत्र म्हणतं एकेका पाकिटाला सात दिवस, अठ्ठावीस दिवसांत दगड तयार.

तसं होत नाही. माझा पहिला घाणा वाया गेला आणि त्याचं कारण सूचनापत्र जितकं, तितकाच मी. हिनं हौसेनं वेचलेले सगळ्या जातींचे गोटे मी एकत्र घातले: जास्पर, गारगोटी, काळा दगड, एक-दोन जांभ्याचे खडे. जांभा दुसऱ्या दिवशी विरघळून लाल चिखल झाला. काळ्या दगडाच्या छिद्रांत जाड पूड जाऊन बसली, आणि ती चौथ्या आठवड्यात पॉलिश चालू असताना एकेक दाणा सोडत राहिली. अठ्ठाविसाव्या दिवशी डबा उघडला तर सगळे गोटे गुळगुळीत, आकारानं गोंडस, आणि एकजात मळकट. कारखान्यात आम्ही जाड आणि बारीक लॅपिंगची टेबलंसुद्धा वेगळ्या खोल्यांत ठेवायचो, एकाचं फडकं दुसऱ्याला लागू देत नव्हतो. तेच घरी विसरलो, याचं मला फार वाईट वाटलं. ही काही बोलली नाही. तिनं ते गोटे धुतले आणि परत बरणीतल्या पाण्यात टाकले.

दुसरा घाणा जानेवारीच्या शेवटी लावला. या वेळी फक्त गारेच्या जातीचे, ११०० ग्रॅम, लहानमोठे मिसळून. सगळे मोठे घेतले तर मध्ये पोकळी राहते आणि घासणी नीट होत नाही. भेगांची परीक्षा अशी केली: गोटे ओले करून उन्हात ठेवले आणि वाळताना बघत बसलो. भेग असेल तिथे काळसर ओली रेघ सर्वांत शेवटी वाळते. असे सात निघाले, बाजूला काढले. भेगाळ दगड डब्यात फुटला की त्याच्या धारदार कडा बाकीच्यांना ओरबाडतात.

डबा दोन तृतीयांश ते पाऊण भरायचा. कमी भरला तर दगड घसरत नाहीत, आपटतात, आणि आपटलेल्या दगडावर नखासारखे चंद्रकोरी टवके निघतात. पूड चार मोठे चमचे. पाणी वरच्या थराच्या जरा खालपर्यंतच.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. जाड पुडीचा पहिला टप्पा सात दिवसांत संपला असं समजू नका. मी तो तीन आठवडे चालवला. कार्बोरंडम चालता चालता स्वतःही फुटत जातं, आठवड्यात त्याचं पीठ होतं, म्हणून दर आठवड्याला डबा रिकामा करून ताजी पूड घालायची. प्रत्येक वेळी गोटे धुऊन, पुसून, एकेक हातात घेऊन बघायचा. एक जरी खळगा, एक जरी चरा दिसला तरी तो पुढच्या टप्प्याला जाणार नाही. बारीक पूड मोठा चरा काढू शकत नाही, ती त्याला फक्त गुळगुळीत चरा करते. अठ्ठेचाळीस गोट्यांपैकी पहिल्या आठवड्यानंतर मला अकराच पास करता आले. तिसऱ्यानंतर एकेचाळीस. उरलेले सात पुढच्या घाण्यासाठी डबीत ठेवले. जागा कमी पडली ती चिनीमातीच्या छोट्या नळकांड्यांनी भरून काढली, ती यासाठी वेगळी विकत मिळतात.

मग १२० ते २२० एक आठवडा, ५०० एक आठवडा, पॉलिश एक आठवडा. प्रत्येक टप्प्याच्या मध्ये धुणं. मी डबा, झाकण, झाकणाची खाच, गोटे, सगळं जुन्या टूथब्रशनं घासतो, मग दहा मिनिटं नुसत्या पाण्यावर यंत्र फिरवतो, पुन्हा धुतो. पॉलिशच्या शेवटी साधा, रंग नसलेला अंगाचा साबण चमचाभर किसून घातला आणि तासभर फिरवला. त्यानं गोट्यावर चिकटलेली पांढरी पूड निघते आणि चमक मोकळी होते.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, रविवारी सकाळी, डबा उघडला. हातात घेतलेल्या पहिल्या गोट्यावर साबणाचं पाणी होतं, त्यामुळे काही कळेना. धुतला, पंच्यानं पुसला, आणि ट्यूबलाइटखाली धरला. ट्यूबची प्रतिमा त्या गोट्यावर कडेसकट स्पष्ट होती. अंगणातल्या जास्वंदीसारखा लाल, मध्ये मधासारखी पारदर्शक शीर. मी तो पाण्यात बुडवून परत काढला. काही फरक पडला नाही. ओला आणि कोरडा सारखाच. हीच खरी परीक्षा, ट्यूबलाइटपेक्षाही मोठी: पाण्यात घालून रंग खुलत असेल तर तुमचं काम अजून राहिलंय. ही ओट्यापाशी होती. मी तो तिच्या तळहातावर ठेवला. तिनं पदरानं पुन्हा पुसला, कारण तिला तो ओला वाटला.

एकेचाळीसपैकी चौतीस असे निघाले. हिरव्या जास्परचे चार थोडे मंद राहिले, त्यांत मऊ भाग होते. तीन फुटले. एकूण वजन ११०० ग्रॅमवरून ८१० ग्रॅमवर आलं, अर्थात पुढच्या घाण्यासाठी डबीत ठेवलेले सात धरून. बाकीचा दगड चिखल होऊन गेला.

त्या चिखलाबद्दल सावध करतो. तो मोरीत, बेसिनमध्ये कधीही ओतू नका. पाइपच्या बाकात तो बसतो आणि सिमेंटसारखा घट्ट होतो. मी तो बादलीत साठवतो, निवळलेलं पाणी वरून काढतो, आणि खालचा गाळ परसात खड्ड्यात पुरतो. वाळू देत नाही. गारेची कोरडी बारीक धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. खंबातच्या अकीक कारागिरांना सिलिकोसिस होतो तो याच धुळीनं, आणि तो बरा होत नाही. टंबलरची मोठी जमेची बाजू हीच की सगळं काम पाण्यात चालतं. ज्यांच्याकडे हँड ग्राइंडर आहे आणि त्यानं घरी कोरडा दगड घासून बघू असा विचार मनात आहे, त्यांना मी हात जोडून सांगतो, करू नका. घरात लहान मुलं असतील तर अजिबात नाही. कोरडी पूड डब्यात घालतानाही मी तोंडाला मास्क बांधतो.

यंत्राचे दोष. नवव्या दिवशी पट्टा तुटला. बरोबर एक जादा दिला होता, तो पंधरा दिवस चालला. ऑनलाइन नवे पट्टे मागवले तर तीन आठवडे लागतील म्हणाले. मी तुटका पट्टा घेऊन बेअरिंग आणि ऑइल सीलच्या दुकानात गेलो आणि त्याच मापाची ओ-रिंग घेतली, तीस रुपयांना. ती तेव्हापासून चालू आहे. दांडे नायलॉनच्या बुशमध्ये फिरतात, आठवड्यातून एकदा मशीन ऑइलचा एकच थेंब द्यायचा. दोन दिले की तेल पट्ट्यावर जातं आणि पट्टा घसरतो. झाकणाची रबरी कड पुसून लावली नाही तर एक दाणा अडकतो आणि रात्रभर ठिबकून सकाळी खाली थारोळं असतं. आणि काही दगडांमुळे डब्यात हवा धरते, झाकण फुगतं. मी पहिले काही दिवस रोज एकदा झाकण किंचित उघडून हवा सोडतो. बुश पितळेचे असते तर हे यंत्र वीस वर्षं चाललं असतं असं माझं मत आहे. या किमतीत ते द्यायला हवे होते.

बरोबरची पूड एका घाण्यापुरती, तीही मी म्हणतो तसा तीन आठवड्यांचा पहिला टप्पा केलात तर पुरत नाही. तीच पूड छोट्या पाकिटांत फार महाग पडते. ग्राइंडिंगचं सामान विकणाऱ्याकडे सिलिकॉन कार्बाइड सुटं मिळतं, मला किलोला २८० रुपये पडले आणि वर्षभर पुरेल. पॉलिशच्या पुडीत मात्र काटकसर करू नका, ती चांगली घ्या.

विजेचा खर्च लोकांना वाटतो तेवढा नाही. २५ वॅट म्हणजे दिवसाला ०.६ युनिट, सहा आठवड्यांच्या घाण्याला पंचवीस युनिट. लाइट गेली तर काळजी नाही, आली की डबा आपोआप फिरायला लागतो. माझ्या घाण्यात एकदा सहा तास खंड पडला, काही बिघडलं नाही. एक-दोन दिवस बंद राहणार असेल तर डबा रिकामा करून ठेवा, नाहीतर गाळ खाली घट्ट बसतो.

आवाज सतत असतो. रबरी डबा असल्यानं कर्कश नाही, ओढ्याला पाणी आल्यावर गोटे सरकतात तसा दबका. पण रात्री ऐकू येतो. मी यंत्र मागच्या पडवीत जुन्या गादीच्या तुकड्यावर ठेवलंय. पहिल्या आठवड्यात शेजारच्या काकी भिंतीवरून म्हणाल्या, "भाऊजी, गिरणी घातली का काय?" त्यांना दोन गोटे दिले, तेव्हापासून त्या त्यांच्या गावाहून, कोरेगावकडून, ओढ्यातले खडे पिशवीतून आणून देतात आणि विचारतात, "हा चालेल का? आणि हा?" मी काचेवर ओढून दाखवतो. आता त्या स्वतःच ओढून बघून आणतात.

फ्लॅटमध्ये, भिंतीला भिंत लागून राहणाऱ्यांनी आवाजाचा विचार करूनच घ्यावं. चार दिवसांत काहीतरी हवं असेल त्यांनीही घेऊ नये. ज्यांना एखाद-दुसरा आठवणीचा दगड चमकवायचा आहे त्यांनी वॉटर पेपर आणि सेरियम ऑक्साइड घ्यावं, दोन-तीनशे रुपयांत काम होतं, फक्त मनगट पाहिजे. ज्यांच्याकडे गारेचे भरपूर गोटे आहेत, दीड महिना थांबायची तयारी आहे, आणि दर आठवड्याला एकेक गोटा हातात घेऊन बघायचा कंटाळा नाही, त्यांनी जरूर घ्यावं. मी पाचपैकी चार गुण देतो. एक गुण बुश आणि सूचनापत्रासाठी कापला.

मेपासून तिसरा घाणा चालू आहे. वाया गेलेल्या पहिल्या घाण्यातले जास्पर आणि गारगोट्या मी बरणीतून परत काढल्या आणि ५०० नंबरपासून पुन्हा घातल्या. आज पॉलिशचा चौथा दिवस. बाहेर पाऊस आहे, पडवीत डबा फिरतोय. बरणीतलं पाणी हिनं गेल्या महिन्यात ओतून टाकलं. काळे गोटे सीलर लावून तुळशीवृंदावनाभोवती मांडले, चौतीस लाल-हिरवे एका पितळी ताटलीत आहेत, आणि बरणी धुऊन, उन्हात चार दिवस तापवून, तिनं त्यात यंदाचं कैरीचं लोणचं भरलंय.